न सांगता लावलेला दिवा

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर स्वयंपाकघर आहे, आणि त्यात स्वयंपाक सोडून सगळं आहे. सिमेंटची पोती, फुटक्या फरशांचा ढीग, भिंतीला टेकवलेली शिडी, खोबणीतून लोंबणाऱ्या वायरी. मागच्या दारातून उन्हाची एक पट्टी आत आली आहे आणि तिच्यात धूळ संथपणे तरंगते आहे. डावीकडे पदर खोचून घरधनीण अंगुरीबाई. उजवीकडे कमरेवर हात ठेवून रतनसिंग ठेकेदार. मधोमध, बसायला दुसरं काही उरलं नाही म्हणून, पालथ्या घमेल्यावर बाईंचे यजमान हीरालाल सेठ. गाव अनसिंग, महिना श्रावणाचा. पहिलं वाक्य अंगुरीबाईंचं.

"रतन, तू मले काय म्हनला होता? आखाडीच्या आत चूल पेटंन. पेटली काय?"

"काकी, कवाच पेटली असती. काम तुमीच तं बंद केलं!"

"चातुर्मासात आमी जमीन उकरत नाही, हे तुले आज समजलं? मातीत बारके बारके जीव असतात बाप्पा. पावसाळ्याच्या आत खोदून घे म्हनलं होतं न?"

"आता उन्हाळ्यात मी—"

"उन्हाळ्यात तू कोठी होता?"

उन्हाळ्यात रतनसिंग कुठे होता, हे सगळ्या अनसिंगला ठाऊक होतं. रामनवमीला तो पोहरादेवीच्या जत्रेला होता. ते झाल्यावर तांड्यात भाच्याचं लग्न होतं, आणि त्यानंतर त्या लग्नातल्या पाहुण्यांच्या घरचं लग्न. बाई विचारत होत्या ते उत्तरासाठी नव्हे, आणि रतनसिंगलाही ते कळत होतं. तो हीरालाल सेठांकडे पाहू लागला.

सेठ घमेल्यावरून म्हणाले, "माह्याकडं काय पाह्यतं? मी तं चार महिन्यांपासून भावाच्या घरी जेवून राह्यलो."

तिघांनाही हसू आलं, पण अंगुरीबाईंचं लवकर मावळलं. त्यांचं दुःख पाहुण्यासारखं दुसऱ्याच्या घरी जेवण्याचं नव्हतं. ते वेगळंच होतं.

अनसिंगच्या जैन स्थानकात त्या वर्षी साध्वींचा चातुर्मास होता. गावात इतक्या वर्षांनी असा योग आला होता. रोज सकाळी या साध्वी, महासतीजी म्हणतात त्यांना, हातात पात्रं घेऊन गोचरीला निघत, या घरून एक पोळी, त्या घरून थोडं वरण. गल्लीतली सगळी घरं झाली. अंगुरीबाईंच्या दारावरून मात्र त्या पुढे जात, कारण ज्या घरात चूल नाही त्या घरात गोचरी कसली? आयुष्यभर वाट पाहिली आणि साध्वी गावात आल्या तेव्हा आपल्याकडे स्वयंपाकघरच नाही, ही गोष्ट त्या माउलीला रोज सकाळी नव्याने टोचत असे. चातुर्मास कार्तिकी पौर्णिमेला संपणार आणि दुसऱ्या दिवशी साध्वी पायी विहाराला निघणार. तोवर आपल्या हातची एक पोळी त्यांच्या पात्रात पडावी, एवढंच बाईंचं मागणं होतं.

रतनसिंगने ते ऐकलं आणि छातीवर हात ठेवून शब्द दिला.

आता या रतनसिंगविषयी सांगायला हवं. मानोरा तालुक्यातला, तांड्यावरचा. बाप दौलतसिंग खाणीवर दगड फोडायचा, आई भुरीबाई डोक्यावर घमेली वाहायची. रतनसिंग पुण्याच्या इमारतींवर गवंडीकाम शिकला आणि कुणी बोलावलं नसताना परत आला, कारण तिथे म्हणे आपण बांधलेल्या घरात कोण राहायला आलं हे कधी कळतच नाही. उंचापुरा गडी, मिशा राखलेल्या, आवाज असा की शेवटच्या रांगेलाही ऐकू जावा. बोलणं सुरू झालं की हातातली थापी हवेत थांबायची आणि कालवलेला माल घमेल्यात वाळून जायचा. उशीर हा त्याचा दोष. कामात खोट म्हणून सापडायची नाही.

त्याची एक खोड मात्र होती. प्रत्येक घरात तो घरधन्याने न सांगितलेली एक गोष्ट करून ठेवायचा. सुरुवात झाली किन्हीराजा गावात. धुरपताबाई नावाच्या एकट्या म्हातारीची भिंत बांधताना त्याने उशाशी येईल असा एक छोटा कोनाडा ठेवला, चष्मा आणि पाण्याचा तांब्या मावेल एवढा. म्हातारीने तो पाहिला, रतनसिंगच्या तोंडावरून हात फिरवला आणि सगळ्या गावाला बोलावून दाखवला. तो हात रतनसिंग पुढे कधी विसरला नाही. तेव्हापासून कुणाच्या अंगणात बसायला ओटा, कुणाच्या आढ्याला पाळण्याची कडी. विचारायचं नाही, सांगायचं नाही. घरधन्याला अचानक दिसलं पाहिजे आणि त्याचा चेहरा उजळला पाहिजे. त्या एका क्षणासाठी हा माणूस विंगेत उभा राहायचा. एकदा एका गुरुजींच्या न्हाणीघराला त्याने वाऱ्यासाठी हौसेने खिडकी ठेवली आणि ती नेमकी शेजाऱ्यांच्या ओसरीवर उघडली. त्या खिडकीपायी दोन घरांचं बोलणं बंद झालं, तरी त्याची खोड गेली नाही.

तर शब्द दिला. पाऊस ओसरला तशी सोयाबीनची सोंगणी आली आणि त्याचे मजूर शेतांवर पांगले. कधी नव्हे ते रतनसिंग एकटाच कामाला बसला. जमीन उकरायची नाही म्हणून सांडपाण्याचा पाइप भिंतीला धरून वरून काढला. ओट्याच्या उंचीवरून एकदा वाद झाला, बाईंनी पोळपाट ठेवून लाटून पाहिलं आणि ओटा बोटभर उतरवायला लावला. फरशीच्या रंगावरून सेठ आणि सेठाणीतच जुंपली, तेव्हा ठेकेदार शांतपणे विडी ओढत मागच्या अंगणात बसून राहिला. दिवाळी गेली. पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली आणि स्वयंपाकघर उभं राहिलं. पांढरंशुभ्र, लख्ख, मागच्या अंगणातून भरपूर उजेड घेणारं.

पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे येणारा बोळ तेवढा अंधारा होता. रतनसिंगचं मन तिथेच अडकलं. काकीचे गुडघे दुखतात, कुठे ठेच लागली तर? पहिल्या स्वयंपाकाच्या आदल्या दिवशी घरची मंडळी स्थानकात गेलेली पाहून त्याने दाराच्या चौकटीवर एक दिवा बसवला. बटण दाबायची गरज नाही. माणूस बोळात आला की आपोआप लागणारा. पुण्याहून मागवलेला. माझ्याकडून काकीला, असं मनाशी म्हणत त्याने भिंतीवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी अंगुरीबाईंनी नव्या चुलीवर पहिला स्वयंपाक केला. मागच्या दारानेच त्यांची सकाळपासून ये-जा चालली होती, त्यामुळे बोळात कुणी गेलंच नव्हतं. रतनसिंग अवजारं न्यायच्या निमित्ताने मागच्या अंगणात रेंगाळत होता. एवढ्यात पुढून सेठांचा दबका आवाज आला, "या, या महासतीजी, पधारा!"

अंगुरीबाईंनी हात पदराला पुसले. पोळ्यांचा डबा उघडून त्या उभ्या राहिल्या. रतनसिंग दाराआडून टाचा उंचावून पाहू लागला. बोळाच्या टोकाला पांढरी वस्त्रं दिसली. मोठ्या महासतीजी खाली पाहत, पाऊल जपत येत होत्या, मागे दोन लहान साध्वी. एक पाऊल, दुसरं पाऊल, आणि चौकटीवरचा दिवा लख्खकन लागला.

रतनसिंग टाळीची वाट पाहत होता.

महासतीजी थांबल्या. वर पाहिलं. मग काही न बोलता, चेहऱ्यावर रागाची रेषही न उमटू देता, त्या आल्या तशा मागे वळल्या. पांढरी वस्त्रं बोळातून दिसेनाशी झाली. दिवा थोडा वेळ जळत राहिला आणि विझला.

रतनसिंग धावत आत आला. "काय झालं? काहून परत गेल्या?"

अंगुरीबाई डबा धरून तशाच उभ्या होत्या. सेठ बोळातून आले, तसा दिवा पुन्हा लागला. सेठांनी वर बोट केलं. "हे काय हाय?"

"दिवा हाय, काकाजी. आपोआप लागते. माह्याकडून."

"कोनं सांगतलं होतं तुले?"

"कोनंच नाही. काकीले ठेच लागू नये म्हनून..."

"अरे, साध्वी विजेले हात लावत नाहीत. त्यांच्यासाठी कोनी बटन दाबलं तरी त्यांना दोष लागते. आगीत भी जीव मानतात त्या. अन् तू तं त्यांच्याच पावलानं दिवा पेटवला! आता आज या घरचं त्यांना चालत नाही. घर असूझतं झालं."

"असू... म्हनजे?"

"म्हनजे आज गोचरी नाही. गुरुजीच्या न्हानीची खिडकी कमी पडली होती काय तुले?"

ते वर्मी बसलं. मग अंगुरीबाई बोलल्या, अगदी हळू. "रतन, एक डाव इचारलं असतं तं काय तुही जीभ झडली असती?"

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी डबा झाकून ओट्यावर ठेवला आणि पदराने नवाच ओटा पुसायला लागल्या, पुसायला काही नसताना.

रतनसिंगने मेन स्विच पाडला, शिडी लावली आणि दिवा उपटला. मूठभर प्लॅस्टर सोबत आलं आणि पांढऱ्या भिंतीत काळं भोक राहिलं. तो सिमेंट कालवायला पाणी घेऊ लागला, तशा बाई म्हणाल्या, "नोको. ओलं राह्यलं, पानी ठिपकलं, तं त्या पाय ठेवत नाहीत. कच्चं, बिनउकळलेलं पानी त्यांना चालत नाही. राहू दे तसंच."

"काकी, भिंतीत भोक ठेवून मी आजवर कोन्या घरून गेलो नाही."

"मग आज जा."

"मी स्थानकात जातो. माफी मांगतो, अन् म्हनतो का परवा या—"

"तेवढं नोको करू!" सेठ आणि बाई एकदमच म्हणाले. सेठांनी समजावलं, "बोलावलं तं त्या येतच नाहीत. कवा कोन्या दारी जातीन हे त्यांचं त्यांना माहीत. तू एक शब्द बोलला का संपलं."

रतनसिंग गेला. विजेची वस्तू नको म्हणून मोबाइल गाडीच्या डिकीत ठेवला आणि स्थानकाच्या ओसरीवर हात जोडून बसला. अनसिंगमध्ये कुणी त्याला इतका वेळ गप्प बसलेला पाहिला नव्हता. महासतीजींनी विचारलं, "काय भाऊ?"

"तो दिवा माह्या हातचा व्हता," तो म्हणाला. "काकीले काहीच माहीत नव्हतं. चुकी माही हाय, त्यांची नाही." एवढं बोलला आणि पुढचं वाक्य ओठांपर्यंत आलं. सगळं अंग त्या वाक्यासाठी पुढे झुकलं. त्याने ते दाताखाली धरलं, गिळलं आणि खाली पाहिलं. महासतीजींनी मान हलवली, हात उंचावून आशीर्वाद दिला. बस्स. येतो म्हणाल्या नाहीत, येत नाही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, साध्वींचा उपवास होता. कुणीच आलं नाही.

पौर्णिमेच्या सकाळी रतनसिंग पुन्हा मागच्या अंगणात हजर. यावेळी काही न्यायचंही नव्हतं. अंगुरीबाईंनी त्याला पाहिलं आणि मागचं दार उघडंच ठेवलं. घरात पोळ्या नेहमीइतक्याच झाल्या होत्या, एकही जास्त नाही, कारण साध्वींसाठी म्हणून केलेलं त्यांना चालत नाही. समोरच्या घरून साध्वी बाहेर पडल्याचा आवाज आला, मग पावलं पुढे गेल्यासारखी वाटली. बाईंनी डोळे मिटले.

आणि बोळात पांढरी वस्त्रं दिसली. बोळ अंधाराच होता. महासतीजी हळूहळू चालत आल्या, चौकटीपाशी क्षणभर थांबल्या, वर भिंतीतल्या त्या भोकाकडे पाहिलं, आणि आत आल्या. पात्र पुढे झालं. अंगुरीबाईंनी दोन्ही हातांनी पोळी उचलली. "अर्धीच," महासतीजी म्हणाल्या. बाईंनी अर्धी पोळी ठेवली, चमचाभर मुगाचं वरण ठेवलं. मागच्या दारात रतनसिंग श्वास धरून उभा होता, हलला तर आणखी काही पेटेल अशा भीतीने.

साध्वी गेल्या. सेठ डोळे पुसत हसत होते. अंगुरीबाईंनी उरलेली अर्धी पोळी ताटलीत घेतली, तिच्यावर वरण वाढलं आणि मागच्या दाराशी जाऊन रतनसिंगपुढे धरली. "खा."

त्याने उभ्याउभ्याच खाल्ली. हात पुसले. मग नजर पुन्हा त्या भिंतीकडे गेली. घमेलं पायाशीच होतं, थापीही. त्याने थापी उचलली, परत खाली ठेवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाच्या घरात तो प्रश्न विचारला.

"काकी, ते भोक आता बुजवू काय? तुमी म्हनसान तं राहू देतो."