रूपीने भगताला परत पाठवलं

उधव्याच्या आमच्या पाड्यात रूपीइतकी हट्टी बाई दुसरी नाही. मी इथली आशा कार्यकर्ती, त्यामुळे तिच्या हट्टाचा प्रसाद मला जरा जास्तच मिळालाय. नवरा गेल्यावर बोर्डीच्या वाडीत चिकू खुडायला जाऊन तिने नविनला एकटीने वाढवलं. शिकवणार म्हणजे शिकवणारच.

नविन सतराव्या वर्षी हाडाच्या कॅन्सरने गेला. मुंबईला पाय कापला, तरी गाठी फुप्फुसात निघाल्या. त्यातल्या एका गाठीचा तुकडा संशोधनाला द्यायला रूपीने हो म्हटलं होतं.

आमच्यात दिवस घातल्याशिवाय मेलेला पितरांत जात नाही. विधी करणारा भगत ठरला, तांदूळ निवडून झाले. आणि आदल्या दिवशी सोनल भेटायला आली. डहाणूची, रेल्वेतल्या कारकुनाची मुलगी, तो तुकडा गेला त्या मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करते. मनाने चांगली. पण बोलली काय, तर "मावशी, नविनच्या पेशी आमच्याकडे अजून जिवंत आहेत. वाढतायत."

सकाळी रूपीने भगताला दारातूनच परत पाठवलं.

"पोऱ्या जिता हाय मुंबईला. जित्याचे दिस कोण घालतो?"

महिना झाला तरी ती ऐकेना. दिवस घातले नाहीत म्हणून तिच्या घरी कुणी पाणी पिईना. माझं डोकंच फिरलं. सोनलला फोनवर झाप झाप झापलं, म्हटलं, आग तू लावलीस, आता तूच ये विझवायला.

ती आली. रूपीसमोर जमिनीवर बसली.

"मावशी, पेशीच्या आत धागे असतात. एका पेशीच्या दोन झाल्या की धाग्यांची टोकं थोडी झिजतात. फार झिजली की पेशी थांबते. माझ्या-तुमच्या अंगात असंच चालतं. त्या टोकांवर प्रथिनांची राखण असते. नविनच्या गाठीत त्यातलं एक प्रथिनच नाहीसं झालं. मग टोकं एकमेकांची नक्कल करून परत लांब होतात. म्हणून ती मरत नाही."

"ती कोण?"

"गाठ."

"म्हंजे ज्यानं मारला, तो जिता हाय. माझा पोऱ्या नाय."

सोनलने हो म्हणून मान हलवली.

"मंग मार की त्याला!"

"कसं मारायचं तेच शोधतोय, मावशी. तोवर जगवावं लागतं. दोन-तीन दिवसांनी खायला घालतो."

"खायला घालता?" रूपी ओरडली. "माझ्या पोऱ्याला शेवटी पेजेचं पाणी पन उतरत नव्हतं. आन त्याला खायला घालता?"

सोनल रडायला लागली. माझ्या रागाचं पाणी झालं; कोणावर काढणार? औषध सापडलंच तर कुणा दुसऱ्याच्या मुलाला मिळेल. ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

"बोलव भगताला," रूपी भिंतीकडे तोंड करून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दिवस घातले. कुणाला पितरांत न्यायचं, असं भगताने विचारलं. नाव आईने सांगायचं होतं; सांगितलं की तो कायमचा गेला. रूपी निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत बसली. भगताने पुन्हा विचारलं. शेवटी नाव मी सांगितलं, आणि ती माझ्या अंगावर धावून आली.