खोकला घेऊन मी नंजनगूडला गेलो

"अज्जा, हे चुन्यानं पोळलेलं नव्हे. हा पेम्फिगस आहे," कातडीच्या डॉक्टरीणबाई कन्नडात म्हणाल्या. अज्जा म्हणजे आजोबा. हातात इंदूच्या बायोप्सीचा रिपोर्ट. बायोप्सी म्हणजे कातडीचा बारका तुकडा काढून तपासतात ते. "औषध किती दिवस?" मी विचारलं. त्यांनी रिपोर्टची घडी घातली. इंदू माझ्याकडे बघत होती, मी भिंतीकडे.

माझी शाळा चौथीत सुटली. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, असं सगळं आयुष्य म्हैसुरात गेलं. तरी लिहायला बसलोय. हा आजार कोणाच्या घरी आला तर निदान त्याचं नाव तरी ओळखीचं असावं.

इंदू माझी बायको. तिच्या तोंडात फोड आले, फुटले, भरेचनात. पाणी प्यायलं तरी डोळ्यांत पाणी. अख्ख्या अग्रहारानं, म्हणजे आमच्या आळीनं, तिच्या पान खाण्याला दोष दिला, दाताच्या डॉक्टरनंसुद्धा. तिनं पान सोडलं. फोड राहिले. मग पाठीवर आले. हात लागला की साल निघायची. अंगाला चिकटलेली चादर मी ओली करून सोडवायचो, ती आवाज काढायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. आपल्या रक्तात बी पेशी असतात. त्या अँटीबॉडी बनवतात. एक अँटीबॉडी एकाच जंतूच्या मापाची. ती त्यालाच जाऊन चिकटते आणि बाकीच्या पेशींना दाखवून देते की हा परका, याला संपवा. मी शिसवी लाकडात जडावाचं काम केलेला माणूस. कोरलेल्या खाचेत पाकळी बरोबर बसली नाही तर फेकून द्यायचो. म्हणून मापाचं मला पटकन कळलं.

मग त्यांनी पुढचं सांगितलं. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून असतात, मध्ये सरस असावा तशा. इंदूच्या बी पेशी त्या सरसाच्याच मापाची अँटीबॉडी बनवत होत्या.

"म्हणजे परका कोण?"

"कोणी नाही, अज्जा. त्यांचंच अंग."

मग रिटुक्सिमॅब नावाचं औषध सलाइनमधून दिलं. ते बी पेशींनाच मारतं, चांगल्या-वाईट सगळ्या. "आता पाच-सहा महिने नवा जंतू आला तर नवी अँटीबॉडी बनवायला कोणी नाही," बाई म्हणाल्या. "घरात साधी सर्दीसुद्धा नको."

औषध लागू पडलं. तोंड भरत आलं. आणि मला खोकला झाला. मला, ज्याला कधी काही होत नाही!

मी जगलीवर, म्हणजे दाराबाहेरच्या ओट्यावर, अंथरूण टाकलं. मुलगी मंगल सासरहून, नंजनगूडहून आली. "बाबा, मोरी एक, भांडी एक, ओट्यावर झोपून काय होतंय? तुम्ही माझ्या घरी जा. मी आईजवळ राहते."

आमच्यात बाप लेकीच्या सासरी राहत नाही. तिच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मी तिथं कॉफीच्या पुढे गेलो नव्हतो. इंदूलाही राहू दिलं नव्हतं. म्हटलं, लॉजमध्ये राहीन.

आतून इंदू ओरडली, "राहा की! खोकत बसा तिथं एकटे, मिशीला पीळ देत! मंगल, यांना बसमध्ये बसव गं."

गेलो. विहीणबाईंनी ताटात रागीमुद्दा, म्हणजे नाचणीचा उंडा वाढला, पहिला घास उतरेना. "बाधत नाही हो आमचं मीठ," त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी मीच सारू, म्हणजे पातळ आमटी, मागून घेतलं. खोकलाही गेला. माझ्या बी पेशींनी घालवला, माझी त्यात काही मर्दुमकी नाही.

परत निघायची पिशवी भरत होतो, तेवढ्यात मंगलचा फोन. आईला ताप आहे, इस्पितळात आणलंय. निमोनिया, म्हणजे फुप्फुसात जंतू.

"तुम्ही दिलेला नव्हे हा," मी इस्पितळात पोचल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्ही गेलात ते बरंच केलंत. जंतू कुठूनही येतो." मास्क, गाऊन घालून मला आत सोडलं.

नाकाला ऑक्सिजन, तरी इंदूनं पहिलं विचारलं, "काय वाढलं विहीणबाईंनी?"

"रागीमुद्दा. कुळथाचं सारू."

"खाल्लंत?"

"दोनदा वाढून घेतलं."

ती हसली, हसताना धाप लागली. "इतकी वर्षं म्हणत होते, चार दिवस लेकीकडे राहू. तुम्ही एकटेच राहून आलात."

"बरी हो. दोघं जाऊ."

"मग माझी बॅग भरून ठेवा."

घरी येऊन भरली. तिची निळी साडी, शाल, गोळ्यांचा डबा. दुसऱ्या दिवशी तिला व्हेंटिलेटरवर घेतलं, म्हणजे श्वास मशीन देतं. ती परत बोलली नाही. आठवडाभर मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. मग बाई स्वतः बाहेर आल्या, माझ्या शेजारी बसल्या. मी समजलो.

शेवटची आंघोळ घालताना मंगलनं मला हाक मारली. पाठ सबंध भरली होती, एक फोड नव्हता. तेवढं डॉक्टरीणबाईंनी तिला परत दिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, आणि औषधाला शिव्या देणार नाही.

तुमच्या घरी असं कोणी असेल आणि तुम्हाला खोकला झाला, तर उठा आणि निघा. कोणाचंही घर असो, वाढतील ते खा. आणि घरात सगळे धडधाकट असतील तर आजच बॅग भरा, आणि दोघं मिळून जाऊन या.