संकष्टीचं बुकिंग

आईची साठी बोटीवर करायची, असं आम्हा भावंडांचं ठरलं. मुंबईच्या बंदरात संध्याकाळी फिरवून आणतात आणि वर जेवायलाही घालतात, अशी बोट. सांगलीत बसून बुकिंग करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वरचा डेक घ्यायचा की खालचा एसीवाला, यावरून घरच्या ग्रुपवर आठवडाभर नुसती हाणामारी चालली होती. शेवटी मी वैतागून वरचा डेक आणि शनिवार नक्की केला. मग कॅलेंडर बघितलं, तर त्याच दिवशी संकष्टी.

आई संकष्टीला चंद्र बघितल्याशिवाय जेवत नाही. म्हटलं, "रविवारचं घेतो."

"शनवारचंच घे," ती मेथी निवडता निवडता म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "अगं, तुझ्यासाठी एवढा खटाटोप करायचा आणि तूच ताटासमोर थांबून राहणार?"

"बोटीवर जेवाण कवा वाढत्यात?"

"नऊनंतर."

तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघितली, पावणेनऊ. आमच्याकडे संकष्टीला बाकीचे सगळे आठलाच जेवून घेतात. मग ती गच्चीवर जाते, चंद्र दिसला की खाली येते आणि स्वयंपाकघरात आपलं पान वाढून घेते. तोवर आम्ही टीव्हीसमोर असतो.

"मग शनवारच बरा हाय," ती म्हणाली. "एकदा तरी संकष्टीला तुमच्यासंगं जेवीन."