मांडवातला आवाज

माझा नवरा वेल्डरांचा फोरमन झाला तेव्हा कंपनीनं आम्हाला सौदीत अल-खोबरला फ्लॅट दिला. इमारतीत बाकी सगळे इंजिनियर. त्यामुळे त्याला सारखी धास्ती, ही कुठे गावठीपणा करील.

वरच्या मजल्यावर एक फ्रेंच बाई राहायची. एका दुपारी तिनं आम्हा बायकांना व्हिडिओ बघायला बोलावलं. अर्ध्या तासाची फिल्म होती, तिच्या मुलखातल्या एका लोकगीतं गाणाऱ्या बाईवर. जन्मभर गायली म्हणून तिच्या कौतुकाची. सगळं फ्रेंचमध्ये. शेजारची पुणेवाली अर्थ सांगत होती, तोही फ्रेंच बाईच्या मोडक्या इंग्रजीवरून. मला अर्थाची गरज पडली नाही. जाड बोटांची एक म्हातारी बाकावर बसून गात होती आणि आख्खं गाव उभं राहून ऐकत होतं.

आमच्या रायगडात लग्नाला धवलारीण लागते. ती धवले गाते, लग्न लावते. माझी आजी आणि आई, दोघी धवलारणी. धवलारणीनं ओळ टाकली की बाकीच्या बायकांनी झेलायची, मागून म्हणायची. तशीच सोडली तर गाणारीचा अपमान. फिल्ममधल्या म्हातारीनं ओळ संपवून श्वास घेतला. कुणीच झेलली नाही. मग मी झेलली. शब्द कुठले येणार, नुसती चाल, पण मांडवातल्या आवाजात.

बायका हसत सुटल्या. पुणेवाली म्हणाली, "अहो, टीव्हीला कसली साथ देताय?"

फ्रेंच बाई हसली नाही. तिनं कॅसेट मागे घेतली आणि मला हातानं खुणावलं, पुन्हा.

संध्याकाळपर्यंत नवऱ्याच्या कानावर गेलं. "साहेबाच्या घरात मांडवातली गाणी? आता वर जायचं नाही. खलास. माझी इज्जत जाते."

मी भाकरी थापत होते. म्हटलं, "तुमच्या आईबापाचं लग्न माझ्या आजीनं गाऊन लावलं. तेव्हा नाही गेली इज्जत?"

त्यानं ताट पुढे ओढलं.

पुढच्या आठवड्यात मी वर निघाले. जाताना पुणेवालीचं दार वाजवलं.

"मला नाही हो गाता येत," ती म्हणाली.

"मी टाकते, तुम्ही नुसतं झेला. एकटीनं धवला होत नाही."

"आणि तुमचे हे ओरडले तर?"

"ओरडू देत. माझा आवाज त्यांच्याहून मोठा आहे."

तिनं चपला घातल्या.