शेळीची गोष्ट सांगणाऱ्या अक्का

निलंग्याच्या बाजूला एका गावात बालवाडी चालवणाऱ्या अक्कांना गोष्ट संपवता येत नसे. सोमवारी सुरू झालेली गोष्ट शनिवारीही चालूच असे. मी त्यांच्यावरची पर्यवेक्षिका होते, आणि सांगायला हरकत नाही, त्या बाईंनी मला दोन वर्षं वैताग आणला.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. कार्यालय भाड्याच्या जागेत होतं. छापील तक्ते जुनेच होते. त्यांवरचं उस्मानाबादचं नाव खोडून आम्ही हातानं लातूर लिहायचो. त्यात दुष्काळ. गावाला टँकरचं पाणी, धडधाकट माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला आणि त्यांची लहान पोरं दिवसभर अक्कांकडे. अक्का पन्नाशीच्या, ठेंगण्या. कपाळाला भस्माची पट्टी, गळ्यात लिंग. शिक्षण चौथीपर्यंतचं.

मी गेले की आधी रजिस्टर मागायची. हजेरी अर्धवट, वजनांचा तक्ता कोरा. अक्षरांचे रंगीत तक्ते मी स्वतः लातूरहून एसटीत मांडीवर धरून नेले होते. ते कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेले.

"अक्का, हे लावायचे असतात भिंतीवर."

"लावले होते की बाई. पोरं भिंतीकडंच बघून राहिली. एकमेकाकडं बघंनात. मग काढले."



त्यांची गोष्ट म्हणजे तरी काय! एक शेळी पाणी शोधायला निघते. एवढंच. तिचं पुढं काय होणार हे अक्कांनाही ठाऊक नसे. मध्येच एखादं पोरगं विचारी, "शेळीनं चप्पल घातली हुती का?" की गोष्ट थांबली. अक्का गंभीरपणे म्हणत, "बरं इचारलंस. ऊन तर लई हाय. काय करावं?" मग अर्धा तास शेळीच्या चपलांवर चर्चा. कुणी म्हणे टायरच्या, कुणी म्हणे चार लागतील. मी घड्याळाकडे बघत बसलेली. वेळापत्रकात गोष्टीला वीस मिनिटं होती.

"अंक कधी शिकवणार?" मी एकदा चिडून विचारलं.

"चार चपला मोजल्या न्हाई का आत्ता?" अक्का म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच सांगत होत्या. त्याचा मला जास्त राग आला.

त्यांची आणखी एक खोड होती. पोरगं काही सांगायला आलं की त्या हातातलं काम ठेवून खाली बसत. सुकडी वाटायची असो, मी उभी असो, त्या बसायच्याच. "पैल्यापून सांग. कोण कोण हुतं?" असं विचारायचं आणि ते पोर अडखळत, मागंपुढं करत सांगून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एकदा मी तासभर ताटकळले. त्याच शनिवारी मी अहवाल लिहिला: नोंदी अपूर्ण, साहित्य वापरात नाही, सातवी पास सेविका नेमावी. खाली सही केली आणि मोकळी झाले.

पुढच्या आठवड्यात मी गावात असतानाच दुपारी नागू हरवला. साडेतीन वर्षांचं पोर. बाहेरच्या रांजणावर पाणी प्यायला गेलेलं, परत आलंच नाही. गावात म्हातारी माणसं तेवढी होती. कुणी विहिरीत डोकावलं, कुणी नाला पाहिला, कुणी टँकरच्या वाटेनं पळालं. नागूबरोबर शेवटी शरणी दिसली होती. चार वर्षांची. मी तिला दंडाला धरून विचारलं, "कुठं गेला तो? बोल लवकर!" तिच्या आजीनं वरून धपाटा घातला. पोर जी गप्प झाली ती झालीच.

अक्का आल्या आणि जमिनीवर बसल्या. शरणीला समोर घेऊन म्हणाल्या, "पैल्यापून सांग. कोण कोण हुतं?"

माझा संताप अनावर झाला. "अक्का, ही वेळ आहे का? पोर मरेल तिकडं!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. हातानंच गप्प राहा म्हणाल्या.

"म्या हुते. नागू हुता," शरणी म्हणाली.

"हाव. मग?"

"मग चाक गडगडलं. गोठ्यात गेलं. मग तितं भोक हुतं. नागू म्हनला, म्या लपतो. मग... मग म्या वर पोतं टाकलं."

आणि ती रडायला लागली. आपणच पोतं टाकलं, आता मार बसणार, म्हणून ते पोर इतका वेळ तोंड मिटून होतं.

शेजारच्या गोठ्यातलं भोक म्हणजे पेव, धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा. दुष्काळात रिकामा पडलेला, झाकण सरकलेलं. आम्ही दोनदा त्या पोत्याशेजारून गेलो होतो. एका म्हाताऱ्यानं आधी कंदील सोडून आतली हवा पाहिली. कंदील फडफडला, पण विझला नाही. मग कमरेला दोर बांधून तो स्वतःच उतरला. नागू निपचित होता. वर आणून वारा घातला, तोंडावर पाणी मारलं, तेव्हा बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. अक्कांनी आधी शरणीला जवळ घेतलं. म्हणाल्या, "तू सांगितलंस म्हणून सापडला गं."

मी दुसऱ्याच दिवशी लातूर गाठलं. साहेबांना म्हणाले, माझा अहवाल परत द्या. साहेब म्हणाले, "त्याला आवक क्रमांक पडलाय." दोनदा अर्ज केला, भांडले, वरच्या साहेबांकडे जाऊन आले. काही झालं नाही. दहाव्या दिवशी आदेश निघाला आणि तो द्यायला मलाच पाठवलं.

अक्कांनी कागद ऐकून घेतला. कमरेची किल्ली सोडून माझ्या हातात दिली. त्यांनी भांडावं, असं मला फार वाटत होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "नव्या बाईला सांगा, तक्ते लावा खुशाल. पण पोरानं मधीच काई इचारलं, तर थांबा म्हणावं." दोन दिवसांनी त्या देगलूरला बहिणीकडे निघून गेल्या. पुढं तिकडंच वारल्या, हे मला फार उशिरा कळलं.

अक्कांनी गाव सोडलं त्या दिवशी मी बालवाडीत होते. नव्या बाईंनी तक्ते छान लावले होते. पोरं तोंडावर बोट ठेवून रांगेत बसली होती. शरणी उठली. "अक्का कुटं गेली?"

"खाली बस," नव्या बाई म्हणाल्या.

मी त्यांना थांबवलं आणि पोरांसमोर सतरंजीवर बसले. म्हटलं, "सांगते." आणि सगळं सांगितलं. मला राग कसा आला, मी कागद कसा लिहिला, तो परत आणायला कशी गेले आणि साहेब काय म्हणाले. एकही पोर चुळबुळलं नाही. सांगून झालं तरी शरणी माझ्याकडे बघतच होती.

"म्हंजी तुमीच घालवली व्हय?"

"हाव," मी म्हणाले.