भाकरी चालणारा उपास

मी चर्चला जायला लागल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. काही सांगायचं असलं की आईकरवी सांगतात. त्यांनी पुन्हा बोलावं म्हणून यंदा मी बायबलातल्या दानीएलाचा एकवीस दिवसांचा उपास धरायचं ठरवलं. लोणावळ्याच्या चर्चमध्ये मिळालेली इंग्रजी यादी मी औंढ्याला घरी आणली. तिच्यात धान्य, डाळी, भाज्या, फळं चालत होती. मटण, दूध, साखर चालत नव्हती.

आदल्या दिवशी मी मसुराची डाळ निवडत होते. आईने मला न विचारताच साबुदाणा भिजवला होता आणि माझ्यासाठी दहीही लावलं होतं. तिला नाही म्हणणं जड गेलं.

"आई, दही चालत नाही. भाकरी चालते."

"भाकरी खाऊन उपास? मग मी जन्मभर उपाशीच हाय की!" ती हसत सुटली.

बाबा दारात चपला काढत होते. ते आईला म्हणाले, "इचार तिला. नव्या तांदळाचा पयला निवद आपण गावदेवाला दाखवतो. त्यो भात चालंल का तिच्या देवाला?"

यादीत याबद्दल काही नव्हतं. शाळेत मी कधी उत्तर द्यायला हात वर केला नाही, पण आता थेट त्यांच्याकडे बघून म्हणाले, "चालेल, बाबा."

त्यांनी आईवरची नजर हलवली नाही. "काय म्हनती ती?"

"चालंल म्हनती," आई म्हणाली.

मग बाबा पाय धुवायला मोरीकडे गेले.