नसेले लावायचं अंडं

म्हातारपणी मुकाट चहा पिऊ द्या म्हटलं, तं तुमचं एकच, "सदाकाका, दवाखान्याचे किस्से सांगा!" सांगतो. पण मंधात कोणी बोलाचं नाही.

महाराष्ट्र नवानवा झालता. मी बुलढाण्याच्या एका दवाखान्यात कच्चा नोकर. तपासणीच्या खोलीत पुण्याचे परांजपे डॉक्टर. बिडीनं सडलेला पाय कापला, की त्यातली बंद पडलेली नस हा माणूस पापडाहून पातळ कापे, काचेवर चिकटवे, रंगवे अन् दुर्बिणीतून पाहे.

डोणगावचा एक बुवा पाय गेल्यावर त्याइले म्हणे, "डॉक्टरसायेब, बिडी वढली तोंडानं, मंग पाय काऊन कापला हो?"

डॉक्टर दुर्बिणीतच डोकं घालून बसले!

एकदा त्याइनं मलेबी दुर्बिणीत पाहू देलं. गुलाबी नसेत जांभळे ठिपके.

"सदाशिव, कोणता रंग धरला यावरून पेशी ओळखायची. या राखणदार पेशी. नस बिघडली म्हणून जमल्यात."

"इतके राखणदार, अन् वावर तरी गेलंच?"

"काम कर!"

नसेचा काप काचेले चिकटवाले अंड्याचं पांढरं लागे. अंडेवाल्या रहीमभाईनं एकदा पुसलं, "दवाखान्यात अंडी कोण खाते?"

"कोणी नाही. नसेले लावतो."

तवापासून रहीमभाई मले येडा समजून एक अंडं वरतून देत!

हेडक्लार्क वानखडेबाबू मोठे माळकरी. मले पाह्यलं की नाकाले धोतर. "सरावणात अंडी आनतं बे? दवाखाना बाटवला!"

मंग अंडी गायब होऊ लागली. काप रंगाच्या भांड्यात सुटून तरंगाले लागले. वानखडेबाबूनं डॉक्टरच्या कानात घातलं, "सदाच खाते. याले पक्का करू नका." घरी लेकरंबाळं, अन् माही नोकरी अंड्यावर लटकली!

शनिवारी डॉक्टरनं सुई अन् लाल रंगाची बाटली घेतली, अंड्यापाशी बसले, दार लावून घेतलं.

सोमवारी अंडं गायब! सगळ्याइले रांगेत उभं केलं. "सदाशिव, तोंड उघड." उघडलं. साफ!

वानखडेबाबू तोंडाले उपरणं लावून उभे. "दाढ दुखते, सायेब."

"उपरणं काढा."

काढलं. ओठ लाल, पांढऱ्या मिशा गुलाबी!

"पान खाल्लं, सायेब."

डॉक्टरनं चष्मा पुसला. "मिशीला बलक लागलाय, वानखडे."

मी पक्का झालो. वानखडेबाबू मंग जिते होते तवरोक मलकापूरच्या स्टेशनावर भेटत. रामराम घालत, तब्येत पुसत, चहा पाजत. माफी तेवढी राह्यली, वानखडेबाबू!